रायवळ वाईनच्या बाजूने

दोनेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका हॉटेलात इटालियन वाईनची ओळख करून देणारी एक संध्याकाळ होती. माणशी साडेतीन हजार रुपये. मित्राच्या आग्रहाखातर गेलो. एका तरुण तज्ज्ञाने पाच वाईन चाखवल्या. पेला कुठे धरायचा, कसा फिरवायचा, नाक कितपत आत घालायचं, हे सगळं मन लावून शिकवलं. शेवटी कोणीतरी विचारलं, "आणि लांब्रुस्को?" तो हसून म्हणाला, "ती सोडा हो. ते कोल्ड्रिंक आहे." सगळे हसले. मीही हसलो. रिक्षात बसल्यावर मात्र स्वतःचाच राग आला. मोदेनाजवळच्या एका कारखान्यात मी तीन वर्षं नोकरी केली आहे. त्या तीन वर्षांत दुपारच्या जेवणाला समोर जी वाईन असायची, ती हीच. ती कोल्ड्रिंक नाही हे मला ठाऊक होतं, आणि तरी साडेतीन हजार रुपये भरलेल्या लोकांच्या हसण्यात मी सामील झालो.

तेव्हा न दिलेलं उत्तर आता देतो. आधी एक कबुली: बारोलो मला आवडते. ब्रुनेल्लोही आवडते, कोणी पाजली तर. या वाईन थोर नाहीत असं मला म्हणायचं नाही. माझं भांडण त्यांच्या नावाने तयार झालेल्या समजुतीशी आहे. ती समजूत अशी, की इटलीची वाईन म्हणजे ही पाच-सात नावं आणि बाकी सगळा गाळ. ही समजूत नुसती चुकीची असती तर सोडून दिली असती. पण तिच्यापायी द्राक्षांच्या जाती मागे हटताहेत, आणि ज्यांना आपण जाणकार म्हणतो तेच तिला खतपाणी घालताहेत.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण आंब्याच्या बाबतीत आपण हे करून बसलो आहोत. हापूस थोरच. पण हापूस म्हणजेच आंबा असं ठरलं, आणि बांधावरचे, परसातले रायवळ आंबे 'चोखायचे आंबे' होऊन मागे पडले. खोबऱ्या, साखऱ्या, शेपू अशी घरगुती नावं असलेली झाडं एकेक करून सरपणाला गेली. त्यांच्या बाजूने कोणी बोललं नाही, कारण त्यांना बाजारात भाव नव्हता. त्यांचं काम बाजारात नव्हतंच. ते घरात होतं: लोणच्याला एक झाड, रसाला दुसरं, मुलांच्या हाती द्यायला तिसरं. तुलना तंतोतंत नाही, हे खरं. रायवळ कोयीतून उगवतो, त्यामुळे प्रत्येक झाड वेगळं. द्राक्षाची काडी लावतात, त्यामुळे एकच जात गावभर, पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते. पण रोजच्या वापरातली गोष्ट मानाच्या गोष्टीपुढे कशी हरते, ते दोन्हीकडे सारखंच आहे.

आता त्या 'कोल्ड्रिंक'बद्दल. लांब्रुस्को हे एका द्राक्षाचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे. त्यात दहाहून अधिक वेगवेगळ्या जाती येतात. मोदेनाच्या उत्तरेला सोर्बारा, दक्षिणेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याला ग्रास्पारोस्सा, आणखी एक सालामिनो, जिचा घोस लहानशा सलामीसारखा दिसतो. सोर्बाराची गंमत अशी की तिचं फूल कामापुरतं मादीच असतं. स्वतःच्या परागांवर तिला फळ धरत नाही. म्हणून शेतकरी तिच्या शेजारी सालामिनो लावतो. तरीही घोस विरळच भरतो. नफ्याचा हिशेब मांडणाऱ्या कोणीही अशी जात कधीच उपटून टाकली असती. मोदेनावाल्यांनी टाकली नाही, कारण तिच्यातून फिकट गुलाबी, चांगलीच आंबट, फेसाळ आणि अजिबात गोड नसलेली वाईन होते, आणि त्यांच्या जेवणाला नेमकी तीच लागते.

ते जेवण म्हणजे डुक्कर आणि लोणी. मोर्तादेल्ला, प्रोशुत्तो, चरबीत तळलेली पुरी म्हणावी तशी न्योक्को फ्रित्तो, परमेसान चीज, मांसाच्या रश्शातले तोर्तेल्लिनी. हे सगळं एकापाठोपाठ खाल्लं की तोंडावर चरबीचा थर बसतो. आंबटपणा आणि फेस तो थर धुऊन काढतात, आणि माणूस पुढच्या घासाला मोकळा होतो. आपण मटणाच्या ताटाबरोबर सोलकढी का पितो, तर यासाठीच. सोलकढी एकटीच चाखून तिला शंभरपैकी गुण द्यायला कोणी बसत नाही. आणि बसलाच, तर ती नापास झाल्याबद्दल आपण सोलकढीला दोष देणार नाही.

मग ती 'गोड कोल्ड्रिंक' कुठून आली? सत्तर-ऐंशीच्या दशकांत अमेरिकेच्या बाजारासाठी मोठ्या कारखान्यांतून गोड लांब्रुस्को तयार झाली आणि प्रचंड खपली. तिचीच बदनामी पुण्यापर्यंत पोचली. म्हणजे निर्यातीसाठी वाईन बिघडवली गेली, आणि शिक्षा घरच्या वाईनला झाली.

इटलीत अशा किती जाती असाव्यात? जॅन्सिस रॉबिन्सन, जुलिया हार्डिंग आणि होजे वुइयामोझ यांचा 'वाईन ग्रेप्स' हा जाडजूड ग्रंथ २०१२ साली आला. त्यात जगभरच्या १,३६८ जातींची नोंद आहे. त्यांतल्या ३७७ एकट्या इटलीच्या. इतक्या जाती शास्त्रज्ञांनी जपल्या नाहीत, सरकारने तर नाहीच. त्या जपल्या रोज पिणाऱ्यांनी. प्रत्येक खोऱ्याची माती वेगळी, जेवण वेगळं, आणि शेजारच्या खोऱ्यातून वाईन विकत आणण्याइतके पैसे कोणाकडेच नाहीत. मग आहे त्या वेलातून रोज पिता येईल असं काहीतरी काढणं भागच होतं.

नेपल्सच्या उत्तरेला आवेर्सा नावाचं गाव आहे. तिथे आस्प्रिनियो ही पांढरी द्राक्षाची जात पॉपलरच्या उंच झाडांवर चढवतात. वेल पंधरा-पंधरा मीटर वर जातो, आणि काढणीच्या वेळी माणसं अरुंद शिड्या लावून झाडांत चढतात. या पद्धतीला इटालियनमध्ये 'लग्न लावलेला वेल' म्हणतात. ती एत्रुस्कन काळापासूनची मानली जाते. तुळशीचं लग्न लावणाऱ्या माणसाला हे नाव ऐकून आश्चर्य वाटायला नको. वेल वर गेल्यामुळे खालची जमीन भाजीपाल्याला मोकळी राहते. वाईन होते ती लिंबासारखी आंबट, आणि म्हशीच्या दुधाच्या ताज्या मोझारेल्लाबरोबर झकास लागते. आज असे वेल फार थोडे उरले आहेत. शिडीवर चढून द्राक्षं काढणाऱ्याची मजुरी आणि त्या वाईनला मिळणारा भाव, यांचा मेळ बसत नाही.

याला जबाबदार कोण? काळ, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही.

पहिला दोष प्रतवारीचा. इटलीत १९६३ साली वाईनचा कायदा आला, आणि गावं व पद्धती यांना संरक्षण देणारी डीओसी ही श्रेणी निर्माण झाली. १९८०मध्ये तिच्याही वर डीओसीजी आली. बारोलो, ब्रुनेल्लो वगैरे मानकरी. हेतू चांगला होता. पण या शिडीवरच्या सगळ्यांत खालच्या पायरीचं नाव काय होतं? 'व्हीनो दा ताव्होला', म्हणजे जेवणाच्या टेबलावरची वाईन. वाईनची जागा जिथे असायला हवी, तेच नाव कायद्याने तळाला लावलं. त्यात विनोद असा की टस्कनीतली सासिकाया ही काबेर्ने या फ्रेंच द्राक्षाची वाईन कुठल्याच नियमात बसत नव्हती. त्यामुळे ती वर्षानुवर्षं याच तळाच्या नावाखाली विकली गेली, आणि देशातल्या सर्वांत महाग वाईनमध्ये तिची गणना होत राहिली. खालच्या पायरीवरचा मान श्रीमंतांना मिळाला. तिथे आधीपासून बसलेल्यांना नुसतीच पायरी.

दुसरा दोष गुणांचा. शंभरपैकी गुण देणारे अमेरिकन समीक्षक आणि तीन पेल्यांचं मानचिन्ह देणारी खुद्द इटलीतली मार्गदर्शिका, दोन्हींचा जोर १९८०च्या दशकात वाढला. गुण देणारा माणूस एका सकाळी पन्नास वाईन चाखतो आणि थुंकतो. जेवत नाही. अशा स्पर्धेत गडद, दाट, ओकच्या पिंपात मुरलेली वाईन पुढे जाते. सोर्बाराची फिकट, आंबट वाईन पाचव्या पेल्यापर्यंतही लक्षात राहत नाही. पन्नास भाज्यांत तिखटात तिखट भाजीला पहिलं बक्षीस द्यावं, तशातला हा प्रकार.

तिसरा दोष जमिनीच्या भावाचा, आणि तो सर्वांत क्रूर आहे. उदाहरण पियेमोन्तेतल्या लांगे टेकड्यांचं घेतो, कारण बारोलो तिथलीच. बारोलो नेब्बिओलो या द्राक्षाची होते. हे द्राक्ष उशिरा पिकतं, त्याला उत्तम उन्हाचा उतार लागतो. त्याच टेकड्यांवर दोल्चेत्तो नावाचं दुसरं द्राक्ष आहे, जे कधीकधी चार आठवडे आधी पिकतं. म्हणून नेब्बिओलो जिथे पिकणार नाही, अशा थंड उतारांवर ते लावत. हिशेब साधा होता: नेब्बिओलो विकायची, दोल्चेत्तो प्यायची. दोल्चेत्तोचा अर्थ 'गोडुली', पण वाईन कोरडी, किंचित कडवट आणि वर्षा-दोन वर्षांत पिऊन संपवायची. इटलीचे १९४८ ते १९५५ या काळातले राष्ट्राध्यक्ष, अर्थतज्ज्ञ लुइजी एइनाउदी यांची शेती याच भागात, दोल्यानी गावी होती, आणि त्या गावाची ओळख दोल्चेत्तो हीच.

आज बारोलोच्या नामांकित उतारांवर हेक्टरभर बागेचा भाव दहा लाख युरोंच्या वर गेला आहे. अशा जमिनीत दहा युरोंना विकली जाणारी दोल्चेत्तो कोण लावेल? हवा तापल्यामुळे पूर्वी नेब्बिओलोला न मानवणारे उतारही आता तिला चालतात. जिथे तीही जमत नाही, तिथे हेझलनट लावायचे. त्या भागातल्या चॉकलेट उद्योगामुळे त्यांना गिऱ्हाईक पक्कं. दोल्चेत्तो दोन्हीकडून चेपली जाते. तिच्यात काही दोष निघाला म्हणून नव्हे. ती रोज प्यायची वस्तू आहे आणि रोज पिणारे कमी होत चाललेत म्हणून.

रोज पिणारे खरंच कमी झाले आहेत. १९७०च्या आसपास इटलीत दरमाणशी वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाईन प्यायली जाई. आता तो आकडा चाळिसाच्या आसपास आला आहे. पोकळी तशीच राहत नाही. तिच्यात एकीकडून मानाच्या बाटल्या शिरल्या, दुसरीकडून कारखाना. प्रोसेक्कोचं बघा. प्रोसेक्को हे त्रिएस्तेजवळच्या एका गावाचं नाव, आणि त्या द्राक्षाचंही. द्राक्षाचं नाव जगात कोणीही वापरू शकतो, गावाच्या नावाला मात्र कायद्याचं संरक्षण मिळतं. म्हणून २००९ साली द्राक्षाचं अधिकृत नाव 'ग्लेरा' करण्यात आलं आणि प्रोसेक्को नाव प्रदेशासाठी राखलं गेलं. तो प्रदेश म्हणजे दोन प्रांतांतले नऊ जिल्हे. वर्षाला साठ कोटींहून अधिक बाटल्या निघतात. स्थानिक द्राक्षाचा हा विजय आहे असं कोणी म्हणेल. मैलोन्‌मैल एकच द्राक्ष लावून, तेही स्वतःचं नाव गमावून मिळालेल्या यशाला मी स्थानिक म्हणू शकत नाही.

यावर उतारा म्हणून विस्मृतीतल्या जाती शोधून काढण्याचं काम गेली चाळीस वर्षं चालू आहे. ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. तोर्तोना भागात वॉल्तेर मास्सा यांनी तिमोरास्सो ही पांढरी जात जवळजवळ एकट्याने परत आणली. पण आज तिमोरास्सोची बाटली काढणारा ती सणासुदीलाच काढतो, आणि मोठे बारोलोवाले तिथे जमिनी घेताहेत. जात वाचली, तिचं रोजचं काम गेलं. याउलट मार्के आणि अब्रुझ्झोच्या सीमेवरची पेकोरिनो. १९८०च्या दशकात गुइदो कोक्की ग्रिफोनी यांनी आर्क्वाता देल त्रोंतोच्या डोंगरातल्या जुन्या वेलांच्या काड्या आणून ती पुन्हा लावली. तिच्याही काही महाग बाटल्या आहेत, पण बहुतांशी ती आज सुपरमार्केटात, परवडेल अशा भावाला मिळते आणि मासळीबरोबर प्यायली जाते. माझ्या लेखी जात वाचवणं म्हणजे हे. वाचवणं आणि महाग करणं या दोन गोष्टी एक नव्हेत, हे पेकोरिनोने दाखवून दिलं आहे.

आता आक्षेप. तीन आहेत, आणि तिन्ही खोटे नाहीत.

पहिला: स्वस्त वाईन धोक्याची असते. १९८६मध्ये इटलीत वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसं दगावली, काहींची दृष्टी गेली. ती वाईन स्वस्तच होती, आणि त्या बदनामीत बार्बेरा हे चांगलं, रोजचं द्राक्ष नाहक सापडलं. पण ते कसं घडलं ते नीट पाहा. टँकरने घाऊक विकल्या जाणाऱ्या वाईनचा भाव अल्कोहोलच्या अंशांवर ठरत असे, म्हणून अंश वाढवायला मिथेनॉल घातलं. ती वाईन कुठल्या गावची, कुठल्या बागेतली, हे पिणाऱ्याला माहीत नव्हतं. मोदेनात माझे सहकारी वर्षातून दोनदा ज्या शेतकऱ्याकडून चोपन्न लिटरचा काचेचा बुधला भरून आणत, त्याच्या बापालाही ते ओळखत होते. धोका अनोळखीपणात होता. तो महाग बाटलीतही असू शकतो.

दुसरा: हे सगळं गरिबीचं उदात्तीकरण आहे. इथे मी थोडा खजील होतो. बेप्पे फेनोल्यो यांची 'ला मालोरा' ही १९५४ची कादंबरी वाचली तर याच लांगे टेकड्यांवर किती दारिद्र्य होतं ते कळतं. पुष्कळ ठिकाणी खरी वाईन मालकाकडे जाई, आणि राबणाऱ्याला चोथ्यावर पाणी ओतून काढलेलं पांचट पेय मिळे. त्या दिवसांची मला ओढ नाही. बारोलोने तिथल्या शेतकऱ्याच्या मुलांना शिकवलं असेल, तर ते चांगलंच झालं. पण म्हणून त्याच्या शेजारच्या दोल्चेत्तोवाल्याला 'तुझी वाईन दुय्यम' असं सांगत राहायचं, हा न्याय कुठला? गरिबी हटावी आणि तिच्यातून निर्माण झालेलं शहाणपण टिकावं, असं दोन्ही मागण्यात विसंगती नाही.

तिसरा: दारू ती दारूच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्ट केलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही, आणि वाईन हृदयाला चांगली वगैरे मी म्हणणार नाही. कोणी पीत नसेल तर त्याने सुरू करावी, असंही नाही. माझं म्हणणं जे पितात त्यांच्यापुरतंच आहे: पाव लिटर, जेवणाबरोबर, जेवणापुरती. वाईन ताटाजवळ होती तेव्हा तिला ताटाची मर्यादा होती.

आपल्याकडे वाईन ताटाजवळ कधी आलीच नाही. महाराष्ट्रात २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय झाला, तेव्हा वाईन म्हणजे दारू की नव्हे यावर महिनाभर रणकंदन झालं. ती कशाबरोबर प्यायची, हा प्रश्न कोणी काढला नाही. आपल्या वाईनच्या बागांत सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, काबेर्ने ही फ्रेंच नावं आहेत. अकलूजकडे इटलीची सान्जोवेझेही आहे. त्याला माझी हरकत नाही, शतकांची परंपरा दोन दशकांत उभी राहत नसते. पण खायच्या द्राक्षांत आपल्याच शेतकऱ्यांनी तासगावात 'तास-ए-गणेश' निवडली, सोलापूरजवळच्या नान्नजला 'सोनाका' निवडली. आपल्या मातीत काय चांगलं येतं हे डोळ्यांनी हेरून त्याला आपलं नाव देणं आपल्याला येतं. त्या लोकांच्या प्रदेशात बसून, पेला फिरवत, दुसऱ्या गावच्या शेतकऱ्याने असंच जपलेल्या द्राक्षाला कोल्ड्रिंक म्हणून हसणं मला शोभलं नाही.

म्हणून एवढंच सुचवतो. इटलीत गेलात आणि पिणार असाल, तर बाटल्यांची यादी बाजूला ठेवा. घरची वाईन मागवा, पाव लिटर, आणि वाढणाऱ्याला द्राक्षाचं नाव विचारा. मोदेनात पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं. त्या बाई आधी चकित झाल्या, कारण हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नसे. मग त्यांनी खिडकीतून हात दाखवला. "सोर्बारा. ती तिकडे, रेल्वेच्या रुळांपलीकडे."